बिऱ्हाड निघालं, ढेकूण राहिले!

आमच्या आयटीवाल्या जमातीचा एक ठरलेला सण आहे, तो दर अकरा महिन्यांनी येतो. भाडेकरार संपतो, घरमालक भाडं वाढवून मागतो, आणि आपण पुन्हा एकदा खोकी, सुतळी आणि जुनी वर्तमानपत्रं गोळा करायला लागतो. नवीन फ्लॅट बघायला गेलो की आपण काय काय विचारतो? पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, बॅचलर चालतात का, ऑफिसची बस कुठे थांबते. पण "इथे ढेकूण आहेत का हो?" हा प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आणि "आमच्या गादीत ढेकूण आहेत, जरा सांभाळून" असं टेम्पोवाल्याला सांगणारा माणूस तर अजून जन्माला यायचाय. :)

झुरळाबद्दल आपण चारचौघांत बोलतो. घरात शिरलेल्या उंदराची गोष्ट तर तिखटमीठ लावून सांगतो. ढेकणाचं नाव निघालं की मात्र आवाज आपोआप खाली येतो. हे असं का, आणि याचा घर बदलण्याशी काय संबंध, हे शोधता शोधता मी १९३० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये जाऊन पोचलो. तिथे सरकारने लाखो माणसांची बिऱ्हाडं जुन्या वस्त्यांतून नव्या घरांत हलवली, आणि ते करताना ढेकूण मागेच ठेवायचा चंग बांधला. आजचा लेख त्याबद्दल.

पण आधी मुख्य पात्राची ओळख करून घेऊ.

ढेकणाला पंख नसतात. त्याला पिसवेसारखी उडीही मारता येत नाही. चालत चालत फार तर भिंतीच्या फटीतून तो शेजारच्या खोलीत जाईल. म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो आपला आपण कधीच जाऊ शकत नाही. त्याला आपण नेतो. गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, कपाटाच्या मागच्या प्लायवूडमध्ये, बॅगेच्या अस्तरात. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पांढुरकं, चिकटून बसलेलं. पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटरचा. त्याला काही महिने रक्त मिळालं नाही तरी चालतं. त्यामुळे "फ्लॅट दोन महिने रिकामाच होता" या वाक्याला ढेकणाच्या लेखी काही किंमत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत काही इमारतींमधल्या ढेकणांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की अख्ख्या इमारतीतले ढेकूण बहुधा एखाद-दुसऱ्या मादीचीच प्रजा असतात. म्हणजे हजार वस्तूंतल्या नऊशे नव्याण्णव स्वच्छ केल्या आणि एक राहिली, तर मेहनत पाण्यात.

प्राणी जुना आहे. इजिप्तमधल्या अमार्ना इथे, सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या कामगारवस्तीच्या उत्खननात ढेकणांचे अवशेष सापडले आहेत. आपल्याकडेही संस्कृतात तो 'मत्कुण' म्हणून मानाने वावरतो. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात का झोपतात, तर ढेकणांच्या भीतीने, असं सांगणारं एक सुभाषित प्रसिद्धच आहे. पंचतंत्रात ऊ आणि ढेकणाची गोष्ट आहे. राजाच्या बिछान्यात राहणारी ऊ पाहुण्या ढेकणाला आसरा देते. ढेकूण उतावळेपणाने राजाला चावतो आणि फटीत पसार होतो. नोकर शोधायला येतात आणि सापडते ती बिचारी ऊ. चावला एक आणि मेलं भलतंच कुणी! ढेकणाच्या इतिहासात हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो.

उदाहरणार्थ लंडनचा जॉन साउदॉल. या गृहस्थांनी १७३० मध्ये ढेकणांवर एक छोटं पुस्तक काढलं आणि ते हॅन्स स्लोन या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना अर्पण केलं. ढेकूण मारायचं एक गुप्त द्रावण विकणं हा साउदॉल यांचा धंदा. त्याची कृती त्यांना जमैकातल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय माणसाने दिली होती. धंदा साउदॉल यांच्या नावाने चालला, त्या म्हाताऱ्याचं नाव कुठे आलं नाही. असो. पुस्तकात घरात ढेकूण येऊ नयेत म्हणून सल्ले आहेत. धोबिणीची टोपली घरात येऊ देऊ नका, नव्या नोकराची पेटी तपासा, वगैरे. सल्ला तसा चुकीचा नाही, ढेकूण टोपलीतून येतोच. पण मालकाच्या घरातून धोबिणीच्या टोपलीत शिरून तो तिच्या घरी जात नसेल का? ढेकूण नेहमी गरिबाकडून श्रीमंताकडे येतो, उलटा कधीच जात नाही, हे गृहीतक इथे मुकाट्याने येऊन बसलं.

आता मूळ विषयाकडे येतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत घरांची अवस्था वाईट होती. लीड्ससारख्या शहरात पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा होत्या. मागच्या भिंतीला खिडकी नाही, कारण मागची भिंत म्हणजे दुसऱ्याचं घर. अशा ओल्या, चिरा पडलेल्या भिंतींत, वॉलपेपरच्या थरांमागे आणि लाकडी पट्ट्यांमागे ढेकूण पिढ्यान् पिढ्या सुखाने राहत. १९३० मध्ये आरोग्यमंत्री आर्थर ग्रीनवूड यांनी नवा गृहनिर्माण कायदा आणला. जुन्या वस्त्या पाडायच्या आणि तिथल्या माणसांना महापालिकेने नवी घरं द्यायची. १९३९ मध्ये युद्ध सुरू होईपर्यंत अडीच लाखांच्या आसपास घरं पाडली किंवा बंद केली गेली. लीड्समध्ये चार्ल्स जेंकिन्सन नावाच्या पाद्री-नगरसेवकाने सुमारे ३० हजार घरं पाडायची योजना मांडली. तिथे उभं राहिलेलं क्वारी हिल हे ९३८ फ्लॅट्सचं संकुल १९३८ मध्ये सुरू झालं तेव्हा आधुनिकतेचा नमुना मानलं गेलं.

एवढं सगळं बांधल्यावर अधिकाऱ्यांना एकच धास्ती... जुनी माणसं जुन्या पलंगांसकट येणार आणि कोरी करकरीत घरं वर्षभरात ढेकणांनी भरणार. आमच्या भाषेत सांगायचं तर नवा सर्व्हर घेतला, पण जुन्या डेटाबेसचा कचरा जसाच्या तसा कॉपी केला. ज्यांनी एकदा तरी डेटा मायग्रेशन केलंय त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

१९३४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने ढेकणांवर स्वतंत्र अहवाल काढला. पुढे तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने खास समितीच नेमली. एका कीटकासाठी सरकारी समिती! उपाय काय होते? गंधकाची धुरी स्वस्त होती, पण ती खोल फटींत नीट पोचत नसे आणि अंडी वाचण्याची शक्यता राही. मग काही शहरांनी हायड्रोजन सायनाइड वायू निवडला. हा वायू गादीत, सोफ्यात, सांध्यात सगळीकडे शिरतो आणि अंड्यांसकट सगळं मारतो. अडचण अशी, की तो माणसालाही तितक्याच तत्परतेने मारतो. हवेत ०.०३ टक्के असला तरी काही मिनिटांत खेळ खलास. वास कडू बदामासारखा, पण तो वास बऱ्याच माणसांना येतच नाही.

म्हणून घरात वायू सोडण्यापेक्षा सामानच वायूकडे न्यायचं ठरलं. शहरागणिक तपशील वेगळे, पण साधारण पद्धत अशी. घर बदलायच्या दिवशी सकाळी महापालिकेची बंद व्हॅन दारात येई. सगळं लाकडी सामान त्यात चढे. व्हॅन केंद्रावर जाई, तिची दारं हवाबंद करून आत वायू सोडला जाई. काही तासांनी पंखे लावून वायू बाहेर काढायचा आणि मग सामान नव्या घरी पोचवायचं. गाद्या-उशांत वायू अडकून राहतो आणि रात्री झोपलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून अंथरूण-पांघरूण बऱ्याच ठिकाणी वेगळं काढून वाफेने शेकत. हा सगळा प्रकार इतका धोक्याचा होता, की १९३७ मध्ये सायनाइडच्या धुरीसाठी ब्रिटिश संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

एक इंजिनिअर म्हणून मला यातली मुख्य कल्पना फार आवडली. जुनं घर साफ करायचं नाही, कारण ते पाडायचंच आहे. नवं घर साफ करायचं नाही, कारण ते स्वच्छच आहे. साफ करायचं ते मधल्या प्रवासात. ढेकूण ज्या एकाच वेळी सगळेच्या सगळे एका बंद पेटीत सापडतात, ती वेळ म्हणजे सामान व्हॅनमध्ये असतानाची. त्याआधी ते भिंतीत विखुरलेले असतात आणि नंतर नव्या भिंतीत विखुरणार असतात. घर बदलणं ही ढेकणाची संधी आहे, तशीच ती आपलीही आहे.

पण या व्हॅनची दुसरी बाजू आहे आणि ती माणसांची आहे.

दारात ती गाडी उभी राहिली की गल्लीला काय कळायचं ते कळतं. काही महापालिका सरसकट सगळ्यांच्या सामानाला धुरी देत, काही आधी निरीक्षक पाठवून ज्यांच्याकडे ढेकूण सापडतील त्यांनाच देत. वरवर बघता दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो, उगाच सगळ्यांवर खर्च कशाला? पण विचार करा. निरीक्षक येणार म्हटल्यावर घरची बाई काय करेल? आदल्या दिवशी पलंग घासून काढेल, वॉलपेपर चिकटवेल, ढेकूण दिसणार नाहीत अशी व्यवस्था करेल. ढेकूण तर मरणार नाहीत, फक्त लपतील. म्हणजे ज्या पद्धतीत कबूल करणाऱ्याला लाज आणि लपवणाऱ्याला मोकळं रान, त्या पद्धतीत ढेकूण हटकून नव्या घरी पोचणार. सरसकट सगळ्यांना धुरी दिली तर कुणी कुणाकडे बोट दाखवायचा प्रश्नच नाही. खर्च जास्त, पण लाज वाटून जाते आणि हलकी होते.

अर्थात सरसकट करण्यातही एक टोचणी होतीच. जॉर्ज ऑरवेल (आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला) १९३६ मध्ये उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांत फिरला आणि १९३७ मध्ये 'द रोड टू विगन पिअर' हे पुस्तक आलं. महापालिकेच्या घरात जाताना अंगावरच्या कपड्यांखेरीज सगळं काढून घेऊन धुरी दिली जाते, याबद्दल त्याने लिहिलंय. ढेकूण बॅगेतून मागे येतात आणि कोऱ्या घरात ते नेणं वाईट, हे तो मान्य करतो. पण मोठ्या माणसांना मेंढरांसारखं हाताळलं जाणं त्याला जास्त बोचतं. हेच सामान एखाद्या डॉक्टरचं किंवा बँक मॅनेजरचं असतं तर गाडी आली असती का? 'सरसकट' म्हणजे गरीब वस्तीत सरसकट. जो स्वतःच्या पैशाने घर बदलत होता त्याचा पलंग कुणी तपासत नव्हतं. पुन्हा ती धोबिणीची टोपलीच.

याच वायूची एक काळी आठवण इथे टाळता येत नाही. तो खड्यांत शोषून डब्यात भरायची युक्ती जर्मनीत १९२० च्या दशकात निघाली. ते उत्पादन कीटक मारायलाच विकलं जाई. त्याचं नाव झायक्लॉन बी. १९४१ पासून नाझींनी तेच ऑश्विट्झमध्ये माणसांवर वापरलं, ज्या माणसांना ते आधीपासून किडे म्हणत आले होते त्यांच्यावर. ब्रिटिश महापालिकेच्या गाडीची याच्याशी बरोबरी करता येणार नाही. तिचा हेतू लोकांना चांगलं घर देण्याचा होता आणि ते तिने दिलंही. पण कीटकाचा शिक्का माणसावर उमटायला लागला की सावध व्हावं, एवढं तरी यातून घ्यायला हवं.

मग ही योजना यशस्वी झाली का? अर्धी. धुरी दिलेलं सामान स्वच्छच पोचायचं. तरी महापालिकेच्या नव्या घरांतही ढेकूण सापडत राहिले. कारण नव्या घरात खोल्या जास्त, सामान कमी, आणि पगार तेवढाच. मग सेकंडहँड बाजारातून पलंग यायचा, खुर्च्या यायच्या, आणि त्यांना कुणी धुरी दिलेली नसे. शिवाय जुन्या गल्लीतले नातेवाईक येत-जात असतच. म्हणून तज्ज्ञांनी दोन गोष्टी सुचवल्या. एक, घर बांधतानाच फटी कमी ठेवा, लाकडी पट्ट्या टाळा. दुसरी, एकदा धुरी देऊन मोकळं होऊ नका, नंतरही लक्ष ठेवा. काही शहरांत घरव्यवस्थापक स्त्रिया दर आठवड्याला भाडं घ्यायला घरोघर जात. भाड्याच्या निमित्ताने घरच्या बाईशी ओळख होई, दोन शब्द बोलणं होई. अशा ओळखीच्या बाईला "पुन्हा दिसायला लागलेत" असं सांगणं गणवेशातल्या निरीक्षकापुढे कबूल करण्यापेक्षा कितीतरी सोपं असणार.

मग डीडीटी आलं. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि सायनाइडच्या गाड्यांची गरज संपत गेली. एकदा फवारलं की महिनोन् महिने काम करणारं औषध! ढेकूण इतिहासजमा झाले असं पाश्चात्य देशांत एक-दोन पिढ्यांना वाटलं. प्रत्यक्षात १९४७ मध्येच पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते जगभर जोमाने परतले. या वेळी पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनाही ते पुरून उरले. आणि या वेळी ते पंचतारांकित हॉटेलांतही दिसले, म्हणजे 'ढेकूण म्हणजे गरिबी' हे समीकरण निदान कागदावर तरी मोडलं. आवाज मात्र अजून खालीच येतो.

गंमत म्हणजे आज सगळी औषधं थकल्यावर तज्ज्ञ पुन्हा कशाकडे वळलेत? उष्णतेकडे. आपल्या आज्या रविवारी खाटा अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या, तेच शास्त्र. सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमान वस्तूच्या आतपर्यंत पोचून तास-दीड तास टिकलं तर ढेकूण अंड्यांसकट मरतात. नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही, कारण वरची बाजू तापली की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

तेव्हा अकरा महिन्यांचा सण जवळ आलेल्यांसाठी, १९३० च्या त्या व्हॅनवरून घेतलेले काही धडे...

साफसफाई नव्या घरी पोचल्यावर करायची नाही, निघतानाच करायची. कपडे, चादरी, पडदे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे किंवा ड्रायरमध्ये सर्वांत गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवायचे, आणि लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचे. ती पिशवी नव्या घरातच उघडायची. जे धुता येत नाही आणि लहान आहे ते उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ४ दिवस. पलंग सुटा करून प्रत्येक सांधा, स्क्रूचं भोक आणि गादीची शिवण टॉर्च घेऊन बघायची. काळे ठिपके दिसले तर समजून जा. ओळखीच्यांकडून किंवा ऑनलाइन घेतलेला जुना सोफा कितीही स्वस्त असो, तो दारातून आत येण्याआधी उलटा करून बघायचा. एका खोलीत धूर सोडणारे डबे फोडण्यात पैसे घालवू नका, त्यांचा धूर फटीत पोचत नाही. खरोखर भरपूर ढेकूण असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला जुन्या घरातच बोलवा आणि सामान हलवायच्या आधी बोलवा. आणि टाकून द्यायची गादी रस्त्याच्या कडेला तशीच ठेवू नका. ती कुणीतरी उचलून नेतं, ज्याला नवी घेणं परवडत नाही असं कुणीतरी. फाडून, 'ढेकूण आहेत' असं वर लिहून टाका.

आणि शेवटचा धडा बिनखर्चाचा आहे, म्हणूनच बहुधा सगळ्यांत अवघड. सांगा. टेम्पोवाल्याला सांगा, म्हणजे तो पुढचं बिऱ्हाड चढवण्याआधी गाडी आणि चादरी झाडेल. दोन दिवस ज्या मित्राकडे मुक्काम ठोकणार आहात त्याला सांगा. घर सोडताना मालकाला सांगा. आणि तुम्हाला कुणी सांगितलं तर नाक मुरडू नका, फक्त "बरं झालं सांगितलंस" म्हणा. नव्वद वर्षांपूर्वी एका सरकारने समिती, कायदा आणि सायनाइड एवढं सगळं कामाला लावूनही जिथे हात टेकले, ती जागा रसायनाची नव्हती, संकोचाची होती.

असो, बरंच लांबलं. खोकी बांधायला घ्या. :)